बाटलीवरचं नाव: कोकणातल्या छोट्या धंद्यासाठी ब्रँड इक्विटीची पायरी-पायरीने वाट

ठाण्याला नणंदेकडे जेवायला बसले होते. सोलकढी वाढता वाढता ती म्हणाली, "वहिनी, आगळ घ्यायचं तर ह्याच नावाचं. गावाला पण असं मिळत नाही हो." मी बाटली उचलून पाहिली. लेबलावर मुंबईच्या एका व्यापाऱ्याचं नाव आणि आत आमचंच आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस. त्या वर्षी तो फक्त आमच्याकडून माल उचलत होता. कुडाळजवळच्या आमच्या मांगरात, म्हणजे वाडीतल्या शेडात, सासूबाईंनी मीठ मापून घातलेलं, मी कॅनमध्ये भरून टेम्पोत चढवलेलं.

घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं, चिडतील. त्या आमसुलं वाळत घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मगे? बाटलेर तुजा नाव खंय होता?"

त्याला आता नऊ वर्षं झाली. आज आगळ, अमृत कोकम (कोकमाचा गोड पाक) आणि आमसुलं आमच्या नावाने जातात. मी मार्केटिंग शिकलेली नाही. लग्नाआधी मुंबईत एका ऑफिसात हिशेब लिहायचे, एवढंच. म्हणून जे कळलं ते चुका करून आणि वहीत लिहून कळलं. तुम्ही आंबा, काजू, कोकम, सुकी मासळी विकत असाल किंवा समुद्राकाठी दोन खोल्यांची निवास-न्याहारी चालवत असाल, तर यातली निम्मी डोकेदुखी तुमची वाचावी म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी अर्थ समजून घ्या, तोही रुपयांत

मी व्यापाऱ्याला आगळ ७० रुपये लिटरने देत होते. नणंदेकडची ७०० मिलीची बाटली १८० ची होती. पहिला विचार अर्थातच "आपल्याला लुटलं" हा. पण त्याच दुकानात बिनलेबलाची, तेवढ्याच मापाची आगळाची बाटली ११० ला ठेवलेली होती. दोन्ही बाटल्यांना दुकानदाराचा नफा होता, दोन्हींना वाहतूक होती. चांगली बाटली, झाकण, छापील लेबल यांचे १५ रुपये धरा. तरी ५५ रुपये उरतात, आणि नणंद ते खुशीने देत होती. व्यापाऱ्याने लुटलं असं म्हणता येत नाही. तिचा विश्वास बसावा म्हणून त्याने काही वर्षं काम केलं होतं, मी केलं नव्हतं.

ते ५५ रुपये म्हणजे ब्रँड इक्विटी. तोच माल, त्यावर नाव असलं की गिऱ्हाईक वेगळं वागतं. त्या वागण्यातल्या फरकाची किंमत. मराठीत याला जवळचा शब्द म्हणजे पत. गावातला वाणी एकाला वहीवर उधार देतो आणि दुसऱ्याला आधी पैसे ठेवायला सांगतो, ती पत. ती मागून मिळत नाही आणि एका रात्रीत जाऊ शकते.

पुस्तकी बाजू थोडक्यात सांगते, कारण बँकेत किंवा एखाद्या प्रशिक्षणात हे शब्द कानावर पडतातच. डेव्हिड आकर या अमेरिकन प्राध्यापकांनी १९९१ मध्ये ब्रँड इक्विटीचे पाच भाग मांडले: लोकांना नाव माहीत असणं, माल चांगलाच असणार ही समजूत, नावाबरोबर मनात येणाऱ्या गोष्टी, पुन्हा तेच घेण्याची निष्ठा, आणि नोंदणीकृत चिन्हासारखी हक्काची मालमत्ता. केविन लेन केलर यांनी १९९३ मध्ये गिऱ्हाइकाच्या बाजूने मांडणी केली: ब्रँडबद्दल जे माहीत असतं त्यामुळे गिऱ्हाईक मालाला वेगळा प्रतिसाद देतं. हे तपासून बघायचं असेल तर एकाच आगळाची सोलकढी दोन ग्लासांत घाला. एकाला "मालवणचं" म्हणा, दुसऱ्याला "बाजारातलं". आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हा खोडसाळपणा केला होता. बहुतेकींना मालवणचा ग्लास जास्त चविष्ट लागला. खरं सांगितल्यावर दोघी-तिघी माझ्यावर रागावल्या.

हिशेबनीस म्हणून एक गंमत सांगावीशी वाटते. घरात वाढवलेला ब्रँड आपल्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही, विकत घेतलेला दाखवता येतो. म्हणजे बाटल्या, काटा, शेड या सगळ्यांची नोंद होते, फक्त ज्याच्यामुळे माल विकला जातो त्याची होत नाही. म्हणूनच त्याची वही आपणच ठेवायची असते. त्याबद्दल शेवटी.

२. गावाचं नाव कुठपर्यंत पुरतं ते ओळखा

कोकणात आपल्याला एक आयती गोष्ट मिळते: जागेचं नाव. देवगड म्हटलं की हापूस, वेंगुर्ला म्हटलं की काजू, अलिबाग म्हटलं की पांढरा कांदा. ही पत आपल्या आजोबा-पणजोबांनी कमावली. पण ती सगळ्यांची सामाईक आहे, विहिरीसारखी. पाणी सगळे भरतात आणि एकाने घाण केली तरी प्यावं सगळ्यांनाच लागतं.

एप्रिलमध्ये मुंबईच्या कुठल्याही नाक्यावर उभं राहा. दुसऱ्या राज्यातून आलेला आंबा "देवगड हापूस" छापलेल्या पेटीत दिसेल. पेटी देवगडची, आत फळ भलतंच. फसलेलं गिऱ्हाईक त्या विक्रेत्याला विसरतं आणि "देवगडचा पण आता पूर्वीसारखा राहिला नाही" म्हणतं. यासाठीच भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, आलं. कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून, नोंदणीचं कार्यालय चेन्नईला. हापूसला हे मानांकन २०१८ मध्ये मिळालं, आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे आहेत. वेंगुर्ला काजूला आहे, सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला आहे, अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही आहे. देवगडच्या आंबा उत्पादकांनी तर २०२५ च्या हंगामात फळावर वेगळ्या सांकेतिक क्रमांकाचे स्टिकर आणले.

नवख्यांची चूक इथे होते. मानांकन जिल्ह्याला मिळालं म्हणजे आपल्याला मिळालं, असं नाही. ते वापरण्यासाठी प्रत्येक उत्पादकाला "अधिकृत वापरकर्ता" म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. जमिनीचा सातबारा, ओळखपत्र, उत्पादनाची माहिती आणि मूळ नोंदणीधारक संस्थेमार्फत अर्ज. शुल्क नाममात्र असतं, वेळ जातो तो कागदांत. आपल्या भागातली उत्पादक संस्था किंवा दापोलीचं कृषी विद्यापीठ इथे विचारलं तर वाट सापडते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मानांकन विकता येत नाही, कुणाच्या नावावर करून देता येत नाही. उद्या तुम्ही धंदा मुलीला दिलात किंवा कुणाला विकलात तर "सिंधुदुर्ग कोकम" त्यात जाणार नाही. जाईल ते फक्त तुमचं स्वतःचं नाव. जागेचं नाव गिऱ्हाइकाला दुकानापर्यंत आणतं. फळीवरच्या पाच कोकम बाटल्यांतून तुमची का उचलायची, ते सांगत नाही.

३. नाव ठरवा आणि लगेच नोंदवा

मी पहिलं नाव ठरवलं होतं "अस्सल मालवणी कोकम". नशीब, लेबल छापण्याआधी कुडाळच्या एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते हसले. "अस्सल" हे वर्णन, "मालवणी" ही जागा, "कोकम" हा माल. यातलं तुमचं काय? ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नुसतं वर्णन किंवा जागा सांगणारं नाव सहसा नाकारलं जातं. आणि चुकून चाललं तरी उद्या शेजारी "खरं मालवणी कोकम" काढणार, त्याला थांबवणार कसं?

नाव असं हवं की ज्याचा मालाशी थेट संबंध नाही, पण म्हणायला सोपं आहे आणि फोनवर एकदा सांगितलं की लिहिता येतं. घराण्याचं जुनं नाव, वाडीतली एखादी खूण, आजीचं टोपणनाव, काहीही. आम्ही सासूबाईंच्या माहेरच्या विहिरीचं नाव घेतलं. आडनाव घ्यायचं असेल तर सावध. कोकणात एका आडनावाचं निम्मं गाव असतं.

नोंदणीची वाट अशी:

क. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर नाव शोधा. शोध फुकट असतो. स्पेलिंग बदलून, उच्चाराने मिळतंजुळतं, सगळं बघा.

ख. वर्ग, म्हणजे नोंदणीसाठी मालाचा प्रकार, ठरवा. सरबत आणि सिरप ३२ मध्ये. लोणची, प्रक्रिया केलेले काजूगर, सुकवलेली फळं २९ मध्ये. मसाले आणि पिठं ३०, ताजी फळं ३१. राहण्या-जेवणाची सोय ४३. प्रत्येक वर्गाचं शुल्क वेगळं लागतं, म्हणून सुरुवातीला जो माल खरोखर विकता तोच वर्ग घ्या.

ग. आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, करा; ती मोफत आहे. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाला वर्गामागे ४,५०० रुपये पडतात, नाहीतर ९,०००.

घ. अर्जानंतर परीक्षण अहवाल येतो. आक्षेप असेल तर ३० दिवसांत उत्तर द्यायचं. मग ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये प्रसिद्धी, त्यानंतर चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो. सगळं पार पडलं की नोंदणी, अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं, पुढे नूतनीकरण.

लागणारे कागद: आधार, पॅन, उद्यम प्रमाणपत्र, चिन्ह असेल तर त्याची स्वच्छ प्रतिमा, वकिलामार्फत करत असाल तर अधिकारपत्र, आणि नाव आधीपासून वापरात असेल तर त्याचा पुरावा व प्रतिज्ञापत्र. हा पुरावा लोक ठेवत नाहीत. पहिलं बिल, पहिल्या लेबलाच्या छपाईची पावती, प्रदर्शनातल्या स्टॉलचा तारखेसह फोटो, हे सगळं एका फाइलीत घाला. नाव आधी कुणी वापरलं यावर भांडण झालं तर ही फाइल वकिलापेक्षा जास्त बोलते.

इथले खड्डे तीन. "सात दिवसांत ट्रेडमार्क" म्हणणारा एजंट फक्त अर्ज क्रमांक देतो, नोंदणी नाही. अर्ज केल्यावर नावापुढे "टीएम" लिहिता येतं, पण वर्तुळातला "आर" नोंदणी होण्याआधी छापणं हा गुन्हा आहे. आणि जर्नलमध्ये तुमचा पत्ता आला की सरकारी वाटणारी, पैसे मागणारी पत्रं येऊ शकतात. मला एक आलं होतं, अशोकस्तंभासारखं काहीतरी वर छापलेलं. पैसे भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर आपल्या अर्जाची स्थिती बघायची, एवढी सवय ठेवा.

आणखी एक. लेबलचं चित्र भाच्याच्या मित्राकडून फुकट करून घेतलं असेल तर त्याच्याकडून "हे चित्र तुमचं" असं लिहून घ्या. आज दोस्ती असते.

४. लेबल: कायदा एका बाजूला, वचन दुसऱ्या बाजूला

कायद्याचा भाग पटकन संपवते. खाद्यपदार्थाला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना लागतो. आम्ही काढली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी पुरत होती आणि शुल्क वर्षाला १०० रुपये होतं. या मर्यादा बदलत असतात, पोर्टलवर बघूनच भरा. लेबलवर १४ अंकी क्रमांक, शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका, घटक, निव्वळ माप, एमआरपी, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, बॅच क्रमांक, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन हवा.

"१००% शुद्ध", "पित्तावर रामबाण", "वजन कमी करतं" हे लिहायचा मोह सगळ्यांना होतो. नका लिहू. औषधी दावे कायद्यात बसत नाहीत, आणि २०२४ मध्ये एफएसएसएआयने रसाच्या पाकिटांवरचा "१००% फळांचा रस" हा दावासुद्धा काढायला लावला होता. शिवाय शेजारच्या बाटलीवरही तेच लिहिलेलं असतं.

आता वचन. आमचं अमृत कोकम पहिल्या वर्षी पारदर्शक बाटलीत होतं, लालचुटूक. तीन-चार महिन्यांनी दुकानातल्या बाटल्या विटकरी दिसायला लागल्या. फोन सुरू झाले: "ताई, जुना माल पाठवलात का?" कोकमाचा लाल रंग नैसर्गिक असतो, उजेडात आणि काळाबरोबर तो उतरतो. चव तीच राहते. बाजारातल्या काही बाटल्या वर्षभर तशाच लाल राहतात, कारण त्यात रंग घातलेला असतो. मुलाचं म्हणणं होतं गडद बाटली घेऊ. मी खूप विचार केला आणि बाटली तीच ठेवून लेबलवर एक ओळ वाढवली: "याचा रंग हळूहळू उतरतो. आम्ही रंग घालत नाही."

त्या ओळीने जेवढं काम केलं तेवढं कुठल्या जाहिरातीने केलं नाही. आधी जी तक्रार होती तीच आता लोक दुसऱ्याला खूण म्हणून सांगतात, "रंग उतरला तर समज खरं आहे." आकरांच्या यादीतली "नावाबरोबर मनात येणारी गोष्ट" म्हणजे नेमकं हे. तुमच्या मालातही असं काहीतरी असेलच. हापूसच्या सालीवरचा डाग, काजूगराचा किंचित पिवळटपणा, गावठी तांदळाचा तुटका दाणा. लपवायच्या ऐवजी ते का आहे ते लिहा. मात्र एकच लिहा. लेबलवर सहा वचनं असली की एकही वाचलं जात नाही.

५. दर्जा दरवेळी तोच, आणि चुकला तर काय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीच्या पायऱ्या पैसे देऊन करून घेता येतात.

कोकणातला माल यंत्रातून निघत नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, आणि मृगाच्या आधीच्या पावसात भिजलेला रातांबा यात जमीन-अस्मानाचा फरक. सासूबाई नखाने साल दाबून सांगतात, हे आगळाला, हे आमसुलाला, हे टाका. पण नख बाटलीत भरता येत नाही आणि सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. तेव्हा त्यांचं नख आकड्यांत उतरवणं हे माझं काम.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बरेच जण म्हणत होते, "तुमचं अमृत कोकम फार गोड." मी साखर कमी केली, अंदाजाने. त्याच आठवड्यात पाऊस लवकर आला, रातांबे पाणचट. जूनच्या अखेरीस पुण्यातल्या कोथरूडच्या एका दुकानदाराचा फोन: "ताई, तुमच्या बाटलीचं झाकण उडालं. खालचा सगळा पोह्याचा खण चिकट झालाय." साखर कमी पडली की पाक आंबतो, वायू धरतो, झाकण उडतं. हे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. मलाही होतं.

पण खरा घोटाळा पुढे. लेबलवर बॅच क्रमांक म्हणून मी नुसता महिना छापला होता. मे महिन्यात आम्ही ५५२ बाटल्या भरल्या होत्या. त्यातल्या कमी साखरेच्या बहुधा पाव भागही नसतील, पण कुठल्या ते कुणालाच सांगता येईना. सगळ्या परत बोलवाव्या लागल्या. प्रत्येक दुकानदाराला फोन, ज्या गिऱ्हाइकांचे नंबर होते त्यांना निरोप: "बाटली उघडू नका, आंबलेली असू शकते, चूक आमची, पैसे किंवा नवी बाटली." ४० हजारांच्या आसपास गेले. परत आलेलं कोकम आम्ही माडांच्या मुळात ओतलं, महिनाभर वाडीत मुंग्या.

याचा शेवट गोड झाला असं सांगता आलं असतं तर बरं होतं. दोन दुकानांनी आम्हाला कायमचं बंद केलं, अजून घेतलेलं नाही. कोथरूडचा दुकानदार मात्र राहिला. त्याने मला नंतर सांगितलं, "माझ्याकडे माल फुटला तर कंपनीवाले फोन उचलत नाहीत. तुम्ही स्वतःहून आणखी बाटल्या मागे घेतल्या."

तेव्हापासूनची घडी अशी. बॅच म्हणजे एक दिवस, एक पिंप. क्रमांकात दोन्ही येतात. प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या मागे राहतात, मांगराच्या फळीवर, मुदत संपेपर्यंत. साखर रिफ्रॅक्टोमीटरने मोजतो, ठरलेल्या ब्रिक्सच्या (साखरेच्या प्रमाणाचं माप) खाली आलं तर भरतच नाही. आंबटपणाला पीएच मीटर, मिठाला वजनकाटा, मूठ बंद. आणि एक वही, ज्यात रातांबे कुठल्या वाडीतून, कुठल्या तारखेला, पाऊस होता की नाही, हे लिहिलेलं असतं. हातात धरायचा साधा रिफ्रॅक्टोमीटर एका खराब पिंपापेक्षा नक्कीच स्वस्त पडतो. ज्यांना गोड नको त्यांच्यासाठी साखर कमी केली नाही; लेबलवर "एका ग्लासाला दोन चमचे पुरे" लिहिलं.

पावसात भिजलेल्या वर्षी माल कमी भरा. "यंदा संपलं" हे वाक्य बोलायला जड जातं, पण खराब बाटलीपेक्षा ते स्वस्त आहे.

६. ओळख: चाकरमान्यांपासून सुरुवात करा

समाजमाध्यमांवर काय करायचं हे सांगणारे पुष्कळ आहेत, मी त्यात जात नाही. एवढंच सांगते की नाव, चिन्ह आणि फोन सगळीकडे अक्षरशः एकच ठेवा. बाटलीवर एक स्पेलिंग आणि गुगलच्या नकाशावर दुसरं, हे आमच्याकडे दोन वर्षं चाललं होतं.

कोकणाला जाहिरातीचं एक जुनं जाळं आयतं आहे: गणपती आणि शिमग्याला येणारे चाकरमानी. प्रत्येक घरातून परत जाताना पिशव्या भरतात, आणि त्या पिशव्या डोंबिवली, भांडुप, विरारमधल्या शेजाऱ्यांपर्यंत जातात. आम्ही गणपतीत १०० मिलीच्या छोट्या बाटल्या काढतो. पूर्ण किमतीला विकतो, फुकट वाटत नाही. फुकट दिलेलं कोकम फ्रिजच्या दारात पडून राहतं. विकत घेतलेलं प्यायलं जातं.

दुसरी जागा निवास-न्याहारी. तारकर्लीला आलेला पाहुणा जेवताना सोलकढी पितो तेव्हा बाटली टेबलावर दिसली पाहिजे. आम्ही चार ठिकाणी आगळ थोडं कमी दराने देतो, अट एकच: दुसऱ्या बाटलीत ओतायचं नाही.

आणि दुकानं मोजकी घ्या. पहिल्या वर्षी मी २३ दुकानांत माल ठेवला, "विकला की पैसे" या बोलीवर. निम्म्या ठिकाणी तो मागच्या फळीवर उन्हात पडला. आता ९ आहेत. दर दोन महिन्यांनी जिथे स्वतः जाऊन धूळ पुसता येईल, तेवढीच.

७. भाव आणि सवलत

एमआरपी सगळीकडे एक. प्रदर्शनात शेवटच्या दिवशी माल उरला तर भाव पाडायची घाई करू नका. संध्याकाळी "दोनावर एक फुकट" घेतलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी येत नाही, शेवटच्या संध्याकाळीच येतं. मी स्वतः हे दोनदा करून बघितलं आहे. तिसऱ्या वर्षी उरलेल्या दोन पेट्या कोकण रेल्वेने परत आणल्या, हमालीसकट.

भाव वाढवताना कारण सांगा. रातांब्याचा दर चढला, बाटली महागली, जे असेल ते. एका वर्षी मी न सांगता १५ रुपये वाढवले. ज्यांनी विचारलं त्यांना पटलं, पण विचारलंच नाही असे किती होते कोण जाणे.

व्यापाऱ्याला सुटा माल देणं बंदच करायला हवं असं नाही. सुरुवातीला घर त्यावरच चालतं. आम्ही वर्षाच्या मालाचा तिसरा हिस्सा अजून सुटा देतो, पण पहिल्या प्रतीचं पिंप आमच्या बाटलीसाठी आधी बाजूला निघतं. पूर्वी उलट होत होतं. व्यापारी मोठा म्हणून चांगला माल त्याला, उरलेला आपल्या नावाने. आपल्याच नावाखाली दुसऱ्या प्रतीचा माल, याहून उलटा धंदा नाही.

८. मोजा, आणि वहीत लिहा

विक्रीचा आकडा ब्रँडची पत सांगत नाही. सवलत दिली तरी विक्री वाढते. माझ्या वहीत चार रकाने आहेत.

पहिला: या महिन्यात ऑर्डर देणाऱ्यांत आधी घेतलेले किती. दुसरा: नाव घेऊन मागणारे किती, दुकानदाराला विचारते, "कोकम द्या" म्हणतात की आमचं नाव घेतात? हे तो सांगतो, फक्त चहा प्यायला थांबावं लागतं. तिसरा: त्याच फळीवरच्या बिनलेबलाच्या बाटलीचा भाव आणि आमचा भाव, म्हणजे नणंदेच्या घरचे ते ५५ रुपये. चौथा: तक्रारी, बॅच क्रमांकासकट, आणि त्यावर काय केलं.

तिसरा रकाना पहिली दोन वर्षं रडका होता. फरक जेमतेम २० रुपये, म्हणजे लेबलचा आणि बाटलीचा खर्च वजा जाता जवळपास काहीच नाही. तेव्हा सोडून द्यावंसं वाटलं होतं. तुम्हालाही वाटेल, म्हणून सांगून ठेवते.

वही दर रविवारी सासूबाईंना वाचून दाखवते. विक्रीचा आकडा सुरू केला की त्या हात वर करतात, "ता रवांदे, गाऱ्हाणी वाच आधी." गेल्या रविवारी एकच होतं. डोंबिवलीच्या एका बाईंची बाटली फ्रिजमध्ये ओली झाली आणि लेबलवरची शाई बोटाला लागली. तारीख वाचता येईना. छापखान्याला फोन केला आहे. पुढच्या खेपेपासून लेबलला लॅमिनेशन होईल, बाटलीमागे ४० पैसे जास्त.